लेझी एट शिकवताना विद्यार्थी नेमका कुठे अडतो? (चढत्या-उतरत्या वळणांचे प्रशिक्षण)

क्षितिजरेषा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर आपले बेळगावही होते. त्यानंतर सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, आकाशात छोटी विमाने नेहमीची झाली आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडची मुलेही या शिक्षणाची चौकशी करू लागली. या मंचावर काही विद्यार्थी आणि शिकवणारेही आहेत, म्हणून एका विषयावर सविस्तर लिहितो. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

विषय आहे लेझी एट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमान एका बाजूला १८० अंश वळते आणि लगेच उलट बाजूला १८० अंश वळते. प्रत्येक वळणाच्या पहिल्या अर्ध्या भागात ते चढते आणि दुसऱ्या अर्ध्या भागात उतरते. या काळात विमानाच्या नाकाचा माग क्षितिजावर काढला, तर आडवा पडलेला इंग्रजी आठ दिसतो. ४५ अंशांवर नाक सर्वांत वर आणि बँक (पंखांचा एका बाजूचा कल) साधारण १५ अंश असावी. ९० अंशांवर बँक ३० अंश, उंची सर्वाधिक, वेग सर्वांत कमी आणि नाक पुन्हा क्षितिजावर यावे. १३५ अंशांवर नाक सर्वांत खाली यावे. १८० अंशांवर पंख समतल व्हावेत आणि सुरुवातीची उंची व सुरुवातीचा वेग दोन्ही परत मिळावेत. पंख त्या एका क्षणापुरतेच समतल असतात. तो क्षण गेला की दुसऱ्या बाजूचे वळण सुरू झालेले असते.

बाकीच्या बहुतेक कसरतींत एखादी गोष्ट स्थिर धरून ठेवायची असते. स्टीप टर्नमध्ये (जास्त कलाच्या वळणात) बँक आणि उंची धरायची, शँडेलमध्ये (१८० अंशांच्या चढत्या वळणात) पहिल्या ९० अंशांत बँक धरायची. लेझी एटमध्ये हाताचा किंवा पायाचा कोणताही दाब क्षणभरही स्थिर राहत नाही. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याने आजवर 'इतके अंश, इतके नॉट' अशा पाठांतरावर निभावून नेले, तो येथे उघडा पडतो.

माझा मुद्दा असा की, लेझी एट बिघडते तेव्हा दोष बहुधा लेझी एटमध्ये नसतो. तो सुरुवातीच्या तासांत घाईघाईने उरकलेल्या चढत्या आणि उतरत्या वळणांत असतो. चढते वळण म्हणजे चढणे अधिक वळणे, आणि उतरते वळण म्हणजे उतरणे अधिक वळणे, अशी बेरीज करून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात या दोन वळणांत विमान अगदी वेगळे वागते. चढत्या वळणात दोन्ही पंख सारख्याच वेळात सारखीच उंची चढतात, पण आतल्या पंखाचे वर्तुळ लहान असल्याने त्याचा मार्ग अधिक खडा असतो आणि हवा त्याला कमी कोनात भिडते. बाहेरच्या पंखाला कोनही अधिक आणि वेगही अधिक मिळतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात आणि बँक आपोआप वाढू लागते. ती एलेरॉनने (पंखांवरच्या, विमान एका बाजूला कलवणाऱ्या झडपांनी) रोखून धरावी लागते. उतरत्या वळणात नेमके उलटे घडते. आतला पंख अधिक खड्या मार्गाने खाली येतो, त्याचा कोन वाढतो, आणि बाहेरच्या पंखाच्या जास्त वेगाचा परिणाम पुसला जातो. कित्येकदा विमान वळणातून बाहेर यायला बघते आणि बँक टिकवून धरावी लागते. लेझी एटच्या एकाच १८० अंशांत ही दोन्ही वर्तने पाठोपाठ येतात. दोन्ही वेगवेगळी अनुभवलेली नसतील, तर ९० अंशांच्या माथ्यावर हाताला काय होते आहे तेच कळत नाही, आणि मग विद्यार्थी नजर आत घेऊन उपकरणांत उत्तर शोधू लागतो.

आपण हे कसे शिकवता, किंवा आपल्याला हे कसे शिकवले गेले, ते कृपया लिहावे.

---

मोदगेकर:

मी वैमानिक नाही, शेतकरी आहे. आमच्या शिवारावरून ही विमाने जाताना कधी कधी आवाज खाली-वर होतो. इंजिन बसते की काय असे वाटावे इतका आवाज उतरतो आणि पुन्हा चढतो. घरातील मंडळी घाबरून अंगणात येतात. हे त्याच प्रकारचे शिक्षण आहे का?

---

क्षितिजरेषा:

मोदगेकर काका, नेमके कोणते विमान कधी काय करत होते हे मला येथून सांगता येणार नाही, पण लेझी एटमध्ये असा आवाज यायलाच हवा. बहुतेक शिकाऊ विमानांच्या पंख्याची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) न हलवताही विमानाचा वेग कमी झाला की पंख्याचे फेरे कमी होतात आणि वेग वाढला की वाढतात. माथ्यावर आवाज उतरतो, खाली येताना चढतो. ही चढ-उतार एकसारखी आणि सावकाश असेल, तर वर बसलेला विद्यार्थी चांगले काम करतो आहे असे समजायला हरकत नाही. आवाज मध्येच झटका घेत असेल, तर बहुधा आत कोणीतरी थ्रॉटलशी खेळत आहे.

---

माजी_हवाईसैनिक:

सांबऱ्याच्या वायुसेना तळाशी माझा अनेक वर्षे संबंध होता. मात्र मी उडवणारा नव्हतो, उपकरणे सांभाळणारा होतो. त्यामुळे वरील चर्चेत ज्याचा उल्लेख राहिला त्या बॉलविषयी लिहितो. टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणाच्या खालच्या वाकड्या काचनळीत द्रव भरलेला असतो आणि त्यात एक छोटी गोळी असते. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा वर जातो, येथे गोळी खाली जाते, एवढाच फरक. तिला वीज लागत नाही, जायरो लागत नाही. गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून विमानातील माणसाला जी दिशा 'खाली' वाटते, ती ही गोळी दाखवते. द्रव असतो तो गोळीने उगाच नाचू नये म्हणून. डॅशबोर्डवर बिघडायला सर्वांत कठीण अशी वस्तू हीच, आणि तरुण मुले सर्वांत कमी बघतात तीही हीच.

जाता जाता सांगतो, हा विमानतळ १९४२ साली रॉयल एअर फोर्सने बांधला तोही प्रशिक्षणाच्या उपयोगासाठीच. त्यामुळे येथे शिकाऊ विमाने आली यात नवे काही नाही.

---

आकडे_आधी:

क्षितिजरेषा सर, आपले बहुतेक म्हणणे मान्य आहे. परंतु 'पाठांतरावर निभावणारा उघडा पडतो' या वाक्याला माझी हरकत आहे. आकडे नसतील तर विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत हे समजणार कसे? अमेरिकेच्या कमर्शियल (व्यावसायिक वैमानिकाच्या) परीक्षेच्या निकषांत लेझी एटसाठी १८० अंशांच्या बिंदूवर उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत आणि दिशा १० अंशांच्या आत असावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडील पुष्कळ मुले तिकडे शिकून येतात आणि येथे परवाना रूपांतरित करून घेतात. त्यांना परीक्षक 'तुझी नजर छान आहे' असे म्हणून उत्तीर्ण करत नाही.

मी स्वतः विद्यार्थ्याला जमिनीवरच तक्ता पाठ करून घेतो. ४५, ९०, १३५, १८० या चार ठिकाणी पिच (नाकाचा वर-खाली कोन) काय, बँक काय, वेग वाढता की उतरता, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. त्यानंतरच विमानात बसायचे. इंधनाचा आणि तासाचा दर पाहता, जमिनीवर होऊ शकणारे शिक्षण आकाशात करणे मला परवडणारे वाटत नाही. विशेषतः जेव्हा बाप जमीन गहाण टाकून मुलाला शिकवत असतो तेव्हा.

---

क्षितिजरेषा:

आकडे_आधी, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. तक्ता जमिनीवर पाठ असावा यातही वाद नाही. माझा आक्षेप वर गेल्यावर तक्ता वाचत बसण्याला आहे. आपण उद्धृत केलेल्या तिन्ही मर्यादा १८० अंशांच्या बिंदूवरच्या आहेत, हे पाहा. मधल्या प्रवासासाठी उरतो तो सावकाशपणा. मधला प्रवास आकड्यांनी करू गेलेला विद्यार्थी ४५ अंशांवर 'पंधरा' आणायचे म्हणून बँक ठोकतो, मग थांबतो, मग ९० वर 'तीस' आणायचे म्हणून पुन्हा ठोकतो. चार बिंदू बरोबर येतात आणि त्यांना जोडणारी रेषा कोनाकोनाची होते.

सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे बँकेच्या घाईचा. विद्यार्थी नाक वर उचलण्याबरोबरच भराभर बँक घालतो. बँक वाढली की वळण्याचा वेग वाढतो, आणि नाक पुरेसे वर जाण्यापूर्वीच ४५ अंशांचा खूणबिंदू समोर येऊन निघूनही जातो. तेथून पुढे उरलेले सगळे उशिरा घडते: माथा ९० नंतर येतो, उतरायला जागा उरत नाही, १८० वर नाक अजून खालीच असते आणि वेग मात्र सुरुवातीपेक्षा जास्त. विद्यार्थी म्हणतो, 'सर, शेवट बिघडला.' शेवट नव्हे, पहिले चार-पाच सेकंद बिघडलेले असतात. म्हणून मी सुरुवातीला फक्त पहिले ४५ अंश करून घेतो आणि तेथूनच विमान सरळ करून परत येतो. त्याने मुले वैतागतात, पण पुढचे काम सोपे होते.

खूणबिंदूंविषयी एक सांगायचे राहिले. बिंदू क्षितिजाच्या जवळचाच निवडावा. आपल्याकडे हवा स्वच्छ असेल तर राजहंसगडाचा माथा किंवा हिडकल जलाशयाचे चमकणारे पाणी यांसारखी ठिकाणे लांबून ओळखू येतात; त्या दिवशी नेमून दिलेल्या भागातून जे सोयीचे दिसेल ते घ्यावे. पंखाखालचे शेत किंवा डोंगरवाट खूण म्हणून घेतली, तर वाऱ्याने विमान सरकत जाते आणि खूण मागे पडते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर वाऱ्याची दिशा फुकट दाखवतो. वारा आडवा घेऊन सुरुवात करावी आणि पहिले वळण वाऱ्याच्या तोंडाकडे घ्यावे, म्हणजे दोन-चार आवर्तनांत आपण भलतीकडे वाहून जात नाही.

---

पहिला_सोलो:

सर, मी सध्या शिकतो आहे. खासगी परवान्याच्या टप्प्यावर आहे, लेझी एटला अजून अवकाश आहे. पण आपण वर लिहिले ते वाचून एक शंका फार दिवसांची आहे ती विचारतो. उजवीकडे चढते वळण घेताना मला एलेरॉनचा दाब डावीकडे आणि रडरचा (पायाने चालवायच्या, शेपटीवरील सुकाणूचा) दाब उजवीकडे द्यावा लागतो. आमच्या वर्गात तर सांगितले होते की, नियंत्रणे परस्परविरुद्ध करणे धोक्याचे असते आणि त्यातून स्पिन (विमान गरगरत खाली येणे) होतो. मग मी चुकतो आहे का? डावीकडच्या वळणात असे होत नाही.

---

हडपसरी:

मी पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग केंद्रात ग्लायडरवर शिकलो आणि नंतर इंजिनाच्या विमानाकडे वळलो. त्या अनुभवातून एवढेच सांगतो की, ग्लायडरचे पंख लांब असल्याने एलेरॉन दिला की नाक उलट्या बाजूला ठळकपणे सरकते, आणि समोरच्या काचेवर चिकटवलेली लोकरीची दोरी लगेच तिरकी होऊन ते दाखवते. त्यामुळे हात आणि पाय एकत्र चालण्याची सवय लवकर लागते. मात्र ग्लायडरला पुढे फिरणारा पंखा नसतो, म्हणून इंजिनाच्या विमानात आल्यावर चढताना उजवा पाय दाबून ठेवायचा हे मला नव्याने शिकावे लागले. पहिला_सोलो यांच्या शंकेचे मूळ तेथेच असावे. सविस्तर उत्तर सरांनी द्यावे.

---

क्षितिजरेषा:

पहिला_सोलो, तू चुकत नाहीस. उलट, हे तुला जाणवले याचा अर्थ तुझे पाय जागे आहेत.

आपली शिकाऊ विमाने बहुतेक अशी असतात की, आत बसून पाहिले तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. ताकद जास्त, वेग कमी आणि नाक वर असले की अशा विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते. याचा परिणाम दोन वळणांत वेगळा दिसतो. डावीकडे चढताना ही ओढ वळणाच्याच दिशेने असते; पाय ढिला पडला तर नाक वळणात जास्त घुसते, म्हणजे स्किड होतो. उजवीकडे चढताना तीच ओढ वळणाच्या विरुद्ध असते. पाय ढिला पडला तर नाक मागे राहते, म्हणजे स्लिप होतो. पण बॉलकडे पाहिलेस तर दोन्ही वेळा तो उजवीकडेच पडलेला असेल, आणि दोन्ही वेळा उपाय एकच आहे: उजवा पाय. उजवीकडच्या वळणात तो जास्त लागतो, डावीकडे कमी. त्यात बँक वाढण्याची जी प्रवृत्ती मी सुरुवातीला सांगितली, ती रोखायला उजव्या वळणात एलेरॉन डावीकडे धरावा लागतो. म्हणून हात डावीकडे, पाय उजवीकडे. लेझी एटच्या उजव्या वळणाच्या माथ्यावर हे सर्वांत तीव्रतेने जाणवते, कारण तेथे वेग सर्वांत कमी असतो.

आता धोक्याविषयी. वर्गात सांगितले ते खरे आहे, पण ते दुसऱ्या प्रसंगाविषयी आहे. उतरण्यापूर्वी बेसवरून (धावपट्टीला आडव्या मार्गावरून) फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतील शेवटच्या मार्गावर) वळताना धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलेला विद्यार्थी बँक वाढवायला भितो आणि नाक वळवण्यासाठी आतल्या बाजूचा रडर दाबतो. त्यामुळे बँक वाढते, ती रोखायला तो उलट एलेरॉन देतो, आणि नाक खाली जाते म्हणून स्टिक मागे ओढतो. येथे बॉल मधे नसतो, तो वळणाच्या बाहेर फेकलेला असतो. अशा वेळी स्टॉल झाला (पंखांची उचल सुटली) तर आतला पंख आधी गळतो, आणि सावरायला खाली उंची नसते. दोन्ही प्रसंगांत हात आणि पाय विरुद्ध दिशांना आहेत. फरक बॉल सांगतो. हातापायांची दिशा बघून घाबरू नकोस, बॉल मधे आहे की नाही ते बघ. याच कारणाने मी उतरती वळणे थ्रॉटल पूर्ण मागे घेऊनही करून घेतो. तेव्हा बॉल थोडा डावीकडे सरकतो, कारण विमानाची जुळणी क्रूझच्या (सरळ प्रवासातील) ताकदीसाठी केलेली असते, आणि विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदाच डावा पाय वापरावासा वाटतो.

---

घाटमाथा:

चर्चा उत्तम चालली आहे. आपल्या भागापुरती एक भर घालतो. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून २,४८७ फूट उंचीवर आहे. एप्रिलमध्ये पारा ३६ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की, धावपट्टीवर उभे असलेले विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागते. त्यावर आणखी तीन हजार फूट चढून कसरत करायची म्हटल्यावर इंजिनाकडे उरलेली ताकद किती, याचा विचार करा. किनाऱ्यावरच्या विमानतळावर शिकलेला मुलगा येथे येतो, सवयीने नाक तितकेच वर उचलतो, आणि माथ्यावर पोहोचण्याआधीच वेग संपवून बसतो. वेगमापकावर स्टॉलचा आकडा बदलत नाही, पण तेथवर पोहोचायला वेळ फार लागत नाही. शिवाय खरा वेग दाखवलेल्या वेगापेक्षा जास्त असल्याने वळणाचा घेरही मोठा होतो.

दुसरे असे की, जमिनीपासून १,५०० फुटांच्या खाली न येता कसरत पूर्ण झाली पाहिजे हा दंडक पाळताना उंचीमापकावर २,४८७ मिळवायला विसरू नये. म्हणजे सांबऱ्याच्या पातळीच्या जमिनीवर चार हजारांच्या खाली जायचे नाही. पश्चिमेला खानापूर-चंदगडकडे डोंगराळ भाग आहे, तेथे हा हिशेबही अपुरा पडतो.

---

आकडे_आधी:

घाटमाथा यांनी माझीच बाजू मांडली असे मी समजतो! उंचीचा हा हिशेब नजरेने होत नाही.

एक पूरक मुद्दा. सुरुवातीचा वेग मॅन्युव्हरिंग स्पीडपेक्षा (जोरदार कसरतीसाठी ठरवलेल्या वेगमर्यादेपेक्षा) जास्त नसावा, आणि तो वजनानुसार बदलतो. सेसना १७२ एसमध्ये कमाल वजनाला तो १०५ नॉट आहे. विमान हलके असेल तर तो आणखी खाली येतो. विद्यार्थी बहुधा १०५ हाच एक आकडा लक्षात ठेवतात.

---

क्षितिजरेषा:

मान्य, आणि घाटमाथा यांचा मुद्दा शिकवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. माथ्यावर वेग स्टॉलच्या वर ५ ते १० नॉट इतकाच राहावा अशी अपेक्षा असते, म्हणजे चुकायला जागा थोडीच. ३० अंशांच्या समतल वळणात स्टॉलचा वेग साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. लेझी एटच्या माथ्यावर मात्र विमान समतल वळणात नसते, नाक स्वतःच्या वजनाने खाली यायला लागलेले असते आणि पंखांवरचा भार कमी झालेला असतो. घोळ तेव्हा होतो, जेव्हा विद्यार्थी घाबरून नाक तेथेच धरून ठेवू पाहतो. त्याला सांगावे लागते की, नाक ढकलायचेही नाही आणि ओढायचेही नाही. हाताचा मागचा दाब सैल करत गेले की ते आपण होऊन क्षितिजाखाली उतरते.

इंजिनाच्या ताकदीचे गणित १८० अंशांच्या बिंदूवर तपासावे. प्रत्येक आवर्तनाला उंची वाढत जात असेल तर ताकद जास्त आहे, कमी होत असेल तर अपुरी आहे. बदल करायचा तो एक पूर्ण आठ संपल्यावर, थोडाच, मधे नाही. एप्रिलमध्ये आणि डिसेंबरच्या थंड सकाळी एकच आरपीएम चालणार नाही.

---

पहिला_सोलो:

सर, आभारी आहे. शेवटचा प्रश्न: इतका वेग बदलतो तर ट्रिम (हातावरचा दाब नाहीसा करणारी जुळणी) कधी फिरवायचा? चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा?

---

क्षितिजरेषा:

एकदाही नाही. सुरुवातीच्या वेगाला, सरळ आणि समतल असताना, हात सोडला तरी विमान स्थिर राहील असा ट्रिम करून घ्यायचा आणि कसरत संपेपर्यंत त्या चाकाला हात लावायचा नाही. चढताना वेग कमी होईल तसा मागचा दाब वाढवावा लागेल, उतरताना वेग परत येईल तसा तो कमी होत जाईल, आणि १८० अंशांवर हात जवळजवळ मोकळा झाला पाहिजे. तेथे हाताला ओढ जाणवत असेल तर वेगमापक पाहण्याआधीच समज की, सुरुवातीचा वेग परत आलेला नाही. आणि हो, सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना ९०-९० अंश वळून आकाश नीट पाहून घे. सांबऱ्याच्या परिसरात तू एकटाच शिकत नाहीस, आणि दुपारी तापलेल्या शेतांवर घारीही घिरट्या घालत असतात.